वाळूची पिशवी आणि हाताची पकड : घरच्या घरी बळ वाढवण्याचा धडा

दसऱ्याच्या दीड-दोन महिने आधी नागरहोळे अरण्याच्या सीमेवरील वीरनहोसहळ्ळीहून हत्तींचा पहिला जथा म्हैसूरला निघतो. शहरात आल्यावर प्रत्येक हत्तीचे वजन वजनकाट्यावर केले जाते आणि मग राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत, सुमारे पाच किलोमीटरच्या मार्गावर, त्यांची रोजची चाल सुरू होते. पहिले काही दिवस पाठ मोकळी असते. नंतर पाठीवर गादी बांधून तिच्यावर वाळूची पोती चढवली जातात. आधी थोडी, मग टप्प्याटप्प्याने अधिक. पोत्यांची सवय झाली की लाकडी अंबारी, आणि शेवटी विजयादशमीच्या दिवशी सुमारे ७५० किलोंची सोन्याची अंबारी. २०२० पासून ही अंबारी वाहणारा अभिमन्यू अनुभवी हत्ती आहे. तरी त्याच्या पाठीवरही दरवर्षी पुन्हा पोती चढतात आणि ओझे पुन्हा पायरीपायरीनेच वाढते. या सरावाला कन्नडमध्ये ‘तालीमु’ म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द परका वाटत नाही.

आरोग्यपत्रकात हत्तींचा विषय काढण्याचे कारण असे, की शरीराचे बळ कसे वाढते हे म्हैसूरच्या रस्त्यावर दरवर्षी सर्वांना दिसते, पण घरी मात्र कोणी तसे वागत नाही. अंगाला सहज पेलते त्याहून किंचित अधिक भार द्यावा, मध्ये विश्रांती द्यावी, पुरेसे खावे आणि पेलू लागल्यावर पुन्हा किंचित वाढवावे, एवढीच ही रीत आहे. तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. स्वच्छ वाळू, जुने जाड कापड आणि सुई-दोरा घरात असला की काम भागते. अडचण असते ती धीराची. तरुण पहिल्याच दिवशी सिमेंटच्या पोत्याला हात घालतात आणि वडीलधारी माणसे ‘आता या वयात काय’ म्हणून दोन किलोंची पिशवीही दुसऱ्याच्या हाती देतात. या दोघांसाठीही हे पत्रक लिहिले आहे.

पकड ढिली होते तेव्हा

बळ कमी होणे दुखत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही. तिशी उलटल्यावर व्यायामाच्या अभावी स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. घरातील खुणा साध्या असतात. बरणीचे झाकण मुलाकडून उघडून घ्यावे लागते. धुतलेली चादर नीट पिळली जात नाही. पाण्याची बादली न्हाणीघरापर्यंत नेताना मध्ये एकदा खाली ठेवावी लागते. बसमध्ये दांडी धरून उभे राहण्याची भीती वाटू लागते. यांपैकी प्रत्येक गोष्ट ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिली जाते.

परिचर्येचे शिक्षण घेत असताना अस्थिरोग कक्षात जे वारंवार दिसले, ते येथे नोंदवणे आवश्यक वाटते. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णांना लवकर उभे करायचे असते. हाड जोडलेले असते, जखमही बरी होत असते. परंतु वॉकर घट्ट धरून अंगाचा भार हातांवर घेण्याइतके बळ अनेकांच्या मनगटात उरलेले नसते. मग उभे राहणे लांबते, अंथरूण सुटत नाही, आणि अंथरुणासोबत शय्याव्रण व छातीतील जंतुसंसर्ग यांचे भय येते. पाय मोडल्यावर हातांची किंमत कळावी, हा क्रम उलटा करता आला तर बरे.

पकडीचे महत्त्व वैद्यकीय अभ्यासांतही दिसून आले आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांच्या हाताची पकड मोजून पुढे काही वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पकडीचे बळ दर ५ किलोंनी कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोंपेक्षा कमी असल्यास ती दुर्बल समजतात. पकड मोजण्याचे छोटे यंत्र भौतिकोपचार विभागात असते. तेथे गेल्यास अवश्य मोजून घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पकड कमी आहे म्हणून दिवसभर रबरी चेंडू दाबत बसल्याने आयुष्य वाढते, असा या आकड्यांचा अर्थ नाही. हाताची पकड ही साऱ्या शरीराच्या बळाची खूण आहे. थर्मामीटर गरम पाण्यात धरल्याने ताप येत नाही, तसेच हे. म्हणून मुठीबरोबर मांड्या, कंबर, पाठ आणि खांदे यांनाही काम मिळाले पाहिजे. वाळूच्या पिशवीचा खरा उपयोग येथेच आहे.

पायांचे बळ घरीच तपासता येते. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी, दोन्ही हात छातीवर दुमडावेत आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर बळ घटत असल्याची ती सूचना समजावी. जवळ दुसरे माणूस असू द्यावे.

वाळूच का

वजन उचलून बळ कमावणे आपल्याकडे नवे नाही. कोल्हापूरच्या तालमींत करेला, संतोला, गदा, दगडी नाल यांवर पिढ्या घडल्या. म्हैसूरच्या जुन्या मोहल्ल्यांतही ‘गरडी मने’ आहेत, आणि दसऱ्यातील कुस्त्यांसाठी तेथील मल्ल लाल मातीत घाम गाळतात. तालमीतील आखाड्याला कोल्हापुराकडे हौदा म्हणतात. तो हौदा फावड्याने खणून माती खालीवर करणे हाच मुळी मनगटाचा मोठा व्यायाम असतो. (हत्तीच्या पाठीवरचा तोही हौदा आणि पैलवानाच्या पायाखालचा तोही हौदा, ही भाषेची गंमत.) विजापूरच्या सिद्धेश्वर जत्रेत संक्रांतीच्या सुमारास भार उचलण्याच्या स्पर्धा होतात. तेथे गोल गुंड व संग्राणी दगड यांच्याबरोबर वाळूचे पोते, म्हणजे ‘उसुकिन चील’, उचलण्याचीही चुरस असते. त्या पोत्यांशी घरच्या पिशवीची तुलना करू नये. जत्रेत पोते खांद्यावर घेणारा माणूस वर्षानुवर्षांच्या सरावाने तेथे पोहोचलेला असतो.

लोखंडी डंबेलला हातात बसणारी मूठ असते. बोटे तिच्याभोवती वळली की निम्मे काम झाले. पिशवीला मूठ नसते. कापड चिमटून, दाबून, प्रसंगी कवेत घेऊन धरावे लागते, आणि आत वाळू सरकत असल्याने पकड क्षणोक्षणी सावरावी लागते. बोटे वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात. त्यांच्या शिरा मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. म्हणून पिशवी धरल्यावर कोपराखालचा भाग भरून आल्यासारखा वाटतो. तो व्यायाम योग्य ठिकाणी पोहोचल्याचा पुरावा आहे. शिवाय घरातील ओझी अशीच असतात. तांदळाची गोणी, झोपलेले मूल, ओल्या कपड्यांची बादली यांपैकी कशालाही डंबेलसारखी मूठ नसते. पिशवी हातातून निसटली तरी लोखंडासारखी फरशी फुटत नाही, हा फायदाही लहान नाही. पायाचे बोट मात्र तिच्याखाली सापडू शकते.

पिशवी शिवताना

वाळूची निवड सर्वांत महत्त्वाची. कर्नाटकात नदीची वाळू आता सहज मिळत नाही. बांधकामासाठी दगड भरडून केलेली ‘एम सँड’ बहुतेक ठिकाणी वापरतात. तिच्यात बारीक दगडी भुकटी असते. ही भुकटी वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना सिलिकोसिस हा न बरा होणारा आजार जडतो. घरातील एका पिशवीने तो होईल असे नव्हे, परंतु जी धूळ टाळता येते ती घरात आणूच नये. वाळू बादलीत घेऊन भरपूर पाण्याने, वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, चार-पाच वेळा धुवावी. मग ताडपत्रीवर पसरून गच्चीत कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावी आणि मांजर-कुत्रे तिच्यात घाण करणार नाहीत असे पाहावे. चाळायची झाल्यास उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून चाळावी. ओली वाळू भरू नये. कापड कुजते आणि बुरशी धरते. ज्यांच्या घरी दम्याचा रुग्ण आहे त्यांनी वाळूऐवजी धुतलेली बारीक खडी वापरली तर अधिक चांगले. तांदूळ-गहू भरण्याचा मोह टाळावा, उंदरांना आमंत्रण मिळते.

कोरड्या वाळूचे वजन एका लिटरला साधारण दीड किलो भरते. म्हणजे पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत सुमारे दीड किलो वाळू बसते. काटा नसला तर हा अंदाज पुरतो. तरीही किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा वजन करून घेणे उत्तम. सगळी वाळू एकाच पिशवीत ओतू नये. अर्धा लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर प्रत्येकीत अर्धा किलो वाळू सैलसर बसते. तोंड दोऱ्याने घट्ट बांधावे आणि ती पुडी दुसऱ्या पिशवीत उलटी घालून पुन्हा बांधावी. अशा दहा-वीस पुड्या करून ठेवल्या की वजन हवे तसे कमी-अधिक करता येते, आणि सुनेची पिशवी सासूबाईंनाही वापरता येते. केवळ चार पुड्या काढायच्या.

बाहेरच्या आवरणासाठी जुन्या जीन्सचा पाय फार उपयोगी. खालचे टोक दुहेरी टाक्यांनी शिवावे, पुड्या भराव्यात आणि वरचे टोक दुमडून नाडीने आवळावे. गोधडीचे जाड कापड किंवा कॅनव्हासही चालेल. खताची अथवा सिमेंटची रिकामी पोती वापरू नयेत. त्यांत रसायनांचे अंश राहतात आणि प्लास्टिकचे विणकाम घामट हातातून निसटते. पिशवी दोन-तृतीयांशच भरावी. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी होते आणि मुठीत धरायला कापडच उरत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. ज्यांना तो आहे त्यांच्यासाठी स्नायूंचा व्यायाम विशेष हितकारक. काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतो आणि बळावलेला स्नायू ती साठवूनही ठेवतो. मात्र जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी रिकाम्या पोटी पिशवीला हात लावू नये. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी.

रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वजन उचलू नये. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, पोटाची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, अंतर्गळ (हर्निया) असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील किंवा काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आरंभ करू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून पाठ गोल करून वाकणे कटाक्षाने टाळावे. गर्भवतींनी नव्याने जड वजने उचलण्यास सुरुवात करू नये.

एक गोष्ट स्त्रिया दवाखान्यात सांगायला संकोचतात, म्हणून ती येथे स्पष्ट लिहिली आहे. बाळंतपणानंतर किंवा उतारवयात वजन उचलताना ओटीपोटात खाली ओढल्यासारखे वाटत असेल, अंग बाहेर येत असेल किंवा लघवी सुटत असेल, तर पिशवी बाजूला ठेवावी आणि तपासणी करून घ्यावी. यावर उपचार आहेत. हे मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही.

पिशवी हाती घेतल्यावर

आधी पाच मिनिटे जागच्या जागी चालावे, खांदे व मनगटे फिरवावीत. फरशी कोरडी असावी. सांडलेली वाळू फरशीवर पाय घसरवते, म्हणून शिवण दर वेळी तपासावी.

पहिला व्यायाम खुर्चीचा. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळावी आणि खुर्चीतून सावकाश उभे राहून तितक्याच सावकाश बसावे. धपकन बसू नये. खाली येताना स्नायू भार आवरतो, तेव्हाही तो बळावत असतो. ज्यांना पिशवीविनाच पाच वेळा उठणे कठीण जाते त्यांनी प्रथम नुसतेच उठावे-बसावे. पिशवी महिन्याने आली तरी काही बिघडत नाही.

दुसरा व्यायाम उचलण्याचा, आणि चुका होतात त्या येथेच. पिशवी आरंभी जमिनीवर न ठेवता गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावर ठेवावी. पाय खांद्यांइतके दूर, पिशवी अंगाजवळ. जणू मागच्या भिंतीला नितंब टेकवायचे आहेत अशा रीतीने कमरेपासून मागे सरावे, गुडघे किंचित वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी. दोन्ही बाजूंचे कापड मुठीत घट्ट आवळावे, श्वास सोडत उभे राहावे, श्वास घेत खाली ठेवावे. श्वास कोंडून जोर लावण्याची सवय बहुतेकांना असते; त्याने रक्तदाब क्षणात फार चढतो. उचलताना मोठ्याने आकडे मोजावेत. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. पिशवी हातात असताना कमरेतून वळू नये. वळायचे असल्यास पावले टाकून सगळे अंग वळवावे. हे अंगवळणी पडले की स्टुलाऐवजी पाट, आणि पुढे जमीन.

तिसरा व्यायाम वाहून नेण्याचा. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाचा हाच, कारण यात फारसे शिकण्यासारखे काही नाही आणि लाभ मात्र मोठा आहे. पिशवी कवेत घेऊन घरातल्या घरात वीस पावले चालावे, ठेवावी, विसावा घ्यावा. दुसऱ्या फेरीत पिशवीचा दुमडलेला कोपरा एका मुठीत धरून ती मांडीच्या बाजूला लोंबती ठेवावी आणि अंग त्या बाजूला कलू न देता चालावे. परत येताना हात बदलावा. पकड सुटू लागली असे वाटण्याच्या आतच पिशवी खाली ठेवावी. निसटेपर्यंत ताणू नये. तोल जाणाऱ्यांनी भिंतीच्या कडेने, कोणाच्या सोबतीने चालावे.

बोटांसाठी वेगळे काही करायचे असेल तर अर्धा-एक किलोची लहान पुडी कापडात बांधून अंगठा व बोटांच्या चिमटीत दहा-पंधरा सेकंद धरावी. परातीत कोरडी धुतलेली वाळू घेऊन तिच्यात हात खुपसावा आणि बोटे फाकवून पसरावीत. मूठ वळवणाऱ्या स्नायूंना रोज काम असते, बोटे उघडणाऱ्यांना फारसे नसते. वाळूचा विरोध त्यांना कामाला लावतो. पिशवी डोक्यावर उचलण्याचे प्रकार मात्र येथे मुद्दाम दिलेले नाहीत. नवशिक्याला आणि दुखऱ्या खांद्याला त्यांची गरज नाही.

किती, आणि कधी वाढवावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल व बळ यांचा सराव तीन किंवा अधिक दिवस करावा. रोजच्या चालण्याच्या जागी हे नाही, त्याच्या जोडीला आहे. दोन वेळांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, कारण स्नायू विश्रांतीत भरून निघतो.

सुरुवातीचे वजन वयावरून किंवा पुरुष-स्त्री या भेदावरून ठरवू नये. जे वजन श्वास न कोंडता दहा-बारा वेळा उचलता येते आणि त्यानंतरही आणखी दोन-तीन वेळा उचलता येईल असे वाटते, ते आपले वजन. कोणासाठी ते एक किलो असेल, कोणासाठी बारा. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाची एकच फेरी करावी, नंतर दोन. लागोपाठ दोन दिवस बारा वेळा उचलणे सहज जमले की अर्ध्या किलोची एक पुडी वाढवावी. आजारपण, प्रवास किंवा लग्नसराईमुळे दोन-तीन आठवडे खंड पडला तर जेथे सोडले तेथून सुरू न करता दोन पायऱ्या खाली उतरावे. दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत वजनाचा आकडा लिहून ठेवावा; दुधाच्या हिशेबाशेजारी तोही शोभतो.

आता उशीर झाला असे वाटणाऱ्यांसाठी एक दाखला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्ध शुश्रूषागृहातील, सरासरी ९० वर्षे वयाच्या व्यक्तींना आठ आठवडे देखरेखीखाली पायांचा वजनी व्यायाम देण्यात आला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरी अडीचपटीहून अधिक झाले.

ताटातले बळ

स्नायू प्रथिनांनी बांधला जातो. भारतीयांसाठीच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला म्हणजे साधारण ५० ग्रॅम. भात आणि पातळ वरणावर हा हिशेब जुळत नाही. म्हैसूरकडे नाचणीच्या मुद्द्याबरोबर हुलग्यांचे सार करतात, ती जोडी उत्तम. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे ६, पेलाभर दुधात साधारण तितकीच. बाजारातील पावडरींच्या डब्यांची गरज बहुतेकांना नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुखणे कोणते साधे, कोणते गंभीर

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या व हात ठणकणे स्वाभाविक आहे; ते तीन-चार दिवसांत ओसरते. एका जागी सुरीसारखी कळ येणे, सांधा सुजणे, कंबरेपासून पायात उतरणारी वेदना किंवा अंगठ्यात व शेजारच्या बोटांत रात्री मुंग्या येणे ही लक्षणे मात्र ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्षू नयेत. व्यायाम थांबवून दाखवून घ्यावे. अतिश्रमानंतर अंग कमालीचे दुखून लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. स्नायू फार तुटल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पैजेवर पोती उचलणाऱ्या तरुणांनी हे वाक्य दोनदा वाचावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, अचानक धाप किंवा भोवळ आल्यास पिशवी टाकून खाली बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पिशवी माळ्यावर किंवा कपाटावर ठेवू नये. कोपऱ्यात, जमिनीवर ठेवावी. लहान मुलांना ती ओढण्याचा मोह होतो.

तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते. सुरुवात करण्यापूर्वी ती करून घ्यावी, आणि पुन्हा जाल तेव्हा दिनदर्शिकेवरील वजनांचे आकडे परिचारिकेला किंवा आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवावेत. औषधाची मात्रा ठरवताना त्या आकड्यांचा त्यांना उपयोग होतो.